धोनी कितव्या क्रमांकावर, हे कोण ठरवणार?

२१ मार्च २०२४ रोजी, आयपीएलचा हंगाम सुरू व्हायला एक दिवस उरलेला असताना, चेन्नई सुपर किंग्जने ऋतुराज गायकवाडला कर्णधार नेमल्याचं जाहीर केलं. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला पिंपरी-चिंचवडचा हा सलामीवीर चेन्नईने २० लाखांत घेतला होता. २०२१ मध्ये त्याने ६३५ धावा करून ऑरेंज कॅप मिळवली, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताचं नेतृत्व करून सुवर्णपदक आणलं. तेव्हा त्याच्या निवडीत वावगं काही नव्हतं. पण ज्याच्याकडून त्याने सूत्रं घेतली तो पाच विजेतेपदं मिळवून देणारा महेंद्रसिंग धोनी संघातच राहिला, तोही यष्टिरक्षक म्हणून, म्हणजे प्रत्येक चेंडूला सगळं मैदान डोळ्यांसमोर असलेल्या जागी. तेव्हापासून चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे: धोनी निवृत्त कधी होणार? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. जुन्या नेत्याने किती वर्षं खेळावं यापेक्षा महत्त्वाचं हे की, तो संघात असेपर्यंत त्याचं काम कोणतं आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा. चेन्नईने कर्णधारपद दिलं, पण या दुसऱ्या गोष्टीचं घोंगडं भिजत ठेवलं.

हा पेच क्रिकेटपेक्षा सायकल शर्यतींना जास्त जुना आणि जास्त ओळखीचा आहे. टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीत विजेता एकच असतो, पण उतरतो तो संघ. एका नेत्यासाठी बाकीचे राबतात. पुढे राहून वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या आणून देतात, वेळ पडली तर आपलं चाक काढून देतात. पाच वेळा ही शर्यत जिंकलेल्या बर्नार्ड इनोने १९८५ च्या विजयानंतर तरुण सहकारी ग्रेग लेमाँडला पुढच्या वर्षी मदत करण्याचा शब्द दिला होता. १९८६ मध्ये मात्र तो वारंवार त्याच्याच पुढे निसटू पाहत होता. अखेर लेमाँड पहिला आला, इनो दुसरा, आणि त्याच वर्षी इनोने सायकल ठेवली. याउलट २०१८ मध्ये चार वेळचा विजेता ख्रिस फ्रूम सतराव्या टप्प्यातल्या चढावर मागे पडला, तेव्हा टीम स्कायमधली गोष्ट तिथेच मिटली. गेरेंट थॉमस नेता झाला, फ्रूम त्याच्यासाठी राबला आणि स्वतः तिसरा आला. सायकलपटूंचं एक बरं असतं. रोज संध्याकाळी वेळेचा तक्ता लागतो आणि कोण मागे पडलं ते त्यालाही दिसतं, जगालाही. क्रिकेटमध्ये असा तक्ता नाही. तिथे ज्येष्ठाची जागा माणसांनीच ठरवावी लागते आणि माणसं भिडेखातर गप्प बसतात.

चेन्नईला याचा धडा आधीच मिळाला होता. २०२२ च्या हंगामासाठी संघाने रवींद्र जडेजाला १६ कोटींना राखलं आणि धोनीला १२ कोटींना. पगाराच्या शिडीवर नवा नेता वर गेला होता. २४ मार्चला कर्णधारपदही जडेजाकडे आलं. आठ सामन्यांत सहा पराभव झाले आणि ३० एप्रिलला त्याने ते धोनीला परत केलं. ‘जडेजाला जमलं नाही’ असा निकाल लोकांनी देऊन टाकला. पण पुढचे आकडे कुणी फारसे पाहिले नाहीत. उरलेल्या सहा सामन्यांत धोनीच्या हाताखालीही चेन्नईने दोनच जिंकले. संघच कमकुवत होता. जुना कर्णधार परतल्याने त्यात मोठा फरक पडला नाही. एक गोष्ट मात्र बदलली. नवा कर्णधार अडखळला की जुना हाताशी आहे, हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं, आणि असा हातचा राखलेला असताना कुणाही नव्या कर्णधाराचा शब्द अखेरचा ठरत नाही.

आता पुण्याचं उदाहरण पाहा. चेन्नई दोन वर्षं निलंबित असताना धोनी रायझिंग पुणे सुपरजायंट्सकडे होता. २०१६ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणे आठ संघांत सातवं आलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये मालकांनी त्याला काढून स्टीव्ह स्मिथला कर्णधार केलं. ज्या पद्धतीने हे झालं ती शोभणारी नव्हती. मालकाच्या भावाने तर समाजमाध्यमावर धोनीला टोमणेही मारले. पण त्या रूक्षपणात एक गोष्ट स्वच्छ झाली: कर्णधार स्मिथ आणि धोनी यष्टिरक्षक-फलंदाज. त्या हंगामात गहुंजेच्या मैदानावर हैदराबादविरुद्ध त्याने ३४ चेंडूंत नाबाद ६१ धावा करून अखेरच्या चेंडूवर सामना जिंकून दिला. वानखेडेवरच्या पहिल्या पात्रता सामन्यात मुंबईविरुद्ध २६ चेंडूंत नाबाद ४० केल्या. पुणे अंतिम सामन्यात पोहोचलं आणि एका धावेने हरलं. बेन स्टोक्स आणि जयदेव उनाडकट त्या यशाचे मोठे वाटेकरी होते, हे मान्यच आहे. तरीही दुसऱ्याच्या नेतृत्वाखाली धोनी नुसता सामावला नाही, उपयोगी पडला, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. याच काळात भारतीय संघातही तो विराट कोहलीच्या हाताखाली एकदिवसीय सामने खेळत होता. शेवटच्या षटकांत कोहली सीमारेषेवर जायचा आणि क्षेत्ररचना धोनीवर सोपवायचा, तेही राजीखुशीने.

ऋतुराजच्या पहिल्या हंगामात धोनीचं काम आपसूकच आक्रसलं आणि त्या आक्रसण्यातूनच तो झळकला. १४ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर डावाचे चार चेंडू उरलेले असताना तो आला. हार्दिक पांड्याला लागोपाठ तीन षटकार, मग दोन धावा. चेन्नई जिंकली ती नेमकी वीस धावांनी. पूर्ण हंगामात त्याच्या १६१ धावा झाल्या, त्या शंभर चेंडूंना २२० च्या वेगाने. हे जमलं त्यात इम्पॅक्ट प्लेअरच्या नियमाचा हात आहे. त्यामुळे संघाला एक जादा फलंदाज मिळतो आणि एखाद्याला सातव्या-आठव्या क्रमांकावर झाकून ठेवता येतं. पण झाकण्यालाही मर्यादा असते. ५ मेला धर्मशाळेत तो शार्दूल ठाकूरच्याही मागे, नवव्या क्रमांकावर आला आणि पहिल्याच चेंडूवर हर्षल पटेलने त्याचा त्रिफळा उडवला. चेन्नई तो सामना जिंकली म्हणून ओरड लवकर शमली. गुडघ्यावर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झालेला माणूस फार वेळ धावू शकत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मग त्याचा क्रमांक सामन्याच्या गरजेवरून ठरतो की गुडघ्याच्या?

२०२५ मध्ये या प्रश्नाला तोंड द्यावंच लागलं. २८ मार्चला चेपॉकवर बंगळुरूविरुद्ध १९७ धावांचा पाठलाग करताना धोनी अश्विननंतर, पुन्हा नवव्या क्रमांकावर आला. १६ चेंडूंत नाबाद ३० केल्या, पण तोवर सामन्यात धुगधुगी उरली नव्हती. ५० धावांनी पराभव झाला, आणि बंगळुरू चेपॉकवर २००८ नंतर पहिल्यांदा जिंकलं. दोनच दिवसांनी प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग यांनी उघड सांगितलं की धोनीचा गुडघा पूर्वीसारखा नाही, दहा षटकं जोरात धावत फलंदाजी करणं त्याला झेपणारं नाही. म्हणजे क्रमांक ठरत होता शरीराच्या तक्रारीवरून. मग ऋतुराजच्या कोपराला दुखापत झाली आणि हातचा पुन्हा बाहेर काढला गेला. धोनी कर्णधार म्हणून परतला त्या पहिल्याच सामन्यात कोलकात्याविरुद्ध चेन्नई १०३ वर थांबली. ऋतुराजच्या पाच सामन्यांत एक विजय होता, धोनीच्या नऊ सामन्यांत तीन. चेन्नई प्रथमच तळाला गेली. त्याच पडझडीत ऋतुराजच्या जागी आलेल्या विरारच्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेने बंगळुरूविरुद्ध ९४ धावा ठोकल्या. संघ नव्यांवर उभा राहू शकतो याची ती पावती होती.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला बाजाराचा. चेपॉक भरतं ते ‘थाला’साठी. धोनीने लवकर यावं म्हणून आपल्याच फलंदाजाच्या बाद होण्यावर टाळ्या पडतात, हे तिथे नवीन नाही. संघ हा व्यवसाय आहे, मग गिऱ्हाईक का दुखवायचं? याला माझं उत्तर असं की, त्या टाळ्यांचा हिशेब मालकांनी करावा, कर्णधाराच्या माथी मारू नये. तसं झालं तर कर्णधार नामधारी होतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यष्ट्यांमागची त्याची नजर आणि हात अजून तसेच आहेत. २०२५ मध्ये नूर अहमदच्या चेंडूवर सूर्यकुमार यादव आणि फिल सॉल्ट यांना त्याने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच यष्टिचीत केलं. लखनौविरुद्ध ४३ व्या वर्षी ११ चेंडूंत नाबाद २६ करून सामनावीरही झाला. हे सगळं खरं आहे, आणि माझा मुद्दा याला छेद देत नाही. उपयोगी माणसाला काढा असं मी म्हणत नाही. तो कधी उपयोगी, हे ऋतुराजने ठरवावं, एवढंच म्हणतो. तिसरा आक्षेप, ऋतुराज मऊ स्वभावाचा आहे, त्याला आधार हवा. आधार हवा हे ठीक, पण कर्णधार म्हणून पहिल्याच हंगामात ५८३ धावा काढणाऱ्याला मऊ म्हणणं जरा धाडसाचंच आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरात चेन्नईने जडेजा आणि सॅम करन यांना राजस्थानला देऊन संजू सॅमसनला आणलं. सॅमसन स्वतः यष्टिरक्षक आणि राजस्थानचा कर्णधार राहिलेला, त्यामुळे अफवांना ऊत आला. पण कर्णधार ऋतुराजच, असं संघाने लगेच जाहीर केलं आणि धोनीलाही यादीत कायम ठेवलं. यष्ट्यांमागे आता दुसरा माणूस आहे. धोनीशिवाय अकरा जण उतरवणं चेन्नईला कधी नव्हे इतकं सोपं झालं आहे. म्हणून आता व्यवस्थापनाने एक काम करावं. धोनी कोणत्या सामन्यात खेळेल, कितव्या क्रमांकावर येईल आणि ऋतुराज जखमी झाला तर बदली कर्णधार कोण, हे तिन्ही निर्णय ऋतुराज आणि फ्लेमिंग यांच्याकडे आहेत, असं हंगामाआधी सर्वांसमोर सांगून टाकावं. बदली कर्णधार धोनी नसावा. यात त्याचा अपमान नाही. पुण्यात २०१७ साली स्मिथच्या हाताखाली तो पंधरा सामने खेळला होता आणि बॅट चालवून दाखवली होती.