पाभर, पावा आणि जेथ्रो टल

दादरा-नगर हवेलीतलं खानवेल मागे टाकून दुधनीकडे निघालं की डोंगरांतून वळणं घेणारा रस्ता मधुबन धरणाच्या पाण्याशी येऊन थांबतो. आसपासच्या पाड्यांवर वारली आणि कोकणा कुटुंबं भात-नागली पिकवतात. पीक घरात आलं की तारपा घुमतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, ताडाची पानं आणि मेण एवढ्यातून हे वाद्य घडतं. वादक गालांत हवा साठवून नाकानं श्वास घेत राहतो, म्हणून सूर तुटत नाही. त्याने चाल बदलली की फेर धरणाऱ्यांची पावलंही बदलतात. नाच तासन् तास रंगतो.

शेत, फुंकून वाजवायचं वाद्य आणि लांबच लांब चालणारं गाणं. इंग्लंडमधल्या एका रॉक बँडने याच तीन गोष्टींवर आपलं नाव कमावलं. त्याचं नाव जेथ्रो टल.

मूळचा जेथ्रो टल हा इंग्रज शेतकरी. 1701च्या सुमारास त्याने बी ओळीत पेरणारं यंत्र बनवलं. आपल्या पाभरीचं, तिफणीचं काम तेच. नवख्या बँडला 1968मध्ये कार्यक्रम मिळवताना सारखं नाव बदलावं लागे. हे नाव लावलं असताना लंडनच्या मार्की क्लबने त्यांना पुन्हा बोलावलं आणि तेच कायम झालं.

त्या काळी रेडिओवरचं गाणं तीन-चार मिनिटांत संपायचं. पण एलपी तबकडीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं मावत होती. ती मोकळी जागा काही तरुण बँडना खुणावू लागली. यस, जेनेसिस, किंग क्रिमसन आणि जेथ्रो टल यांनी रॉकमध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ आणि लोकगीतं मिसळली, ताल मध्येच बदलले, गाण्यातून गाणं काढलं. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. टलचं 1969चं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ पाच मात्रांत चालतं. रॉकच्या श्रोत्याला ते नवं होतं. झपताल ऐकलेल्या मराठी कानाला मात्र त्यावर ठेका धरायला वेळ लागत नाही.

बँडचा प्रमुख इयन अँडरसन आधी गिटार वाजवायचा. 1967मध्ये ती देऊन त्याने बासरी घेतली आणि स्वतःच शिकला. फुंकर मारता मारता तो गळ्यातून गुणगुणतो, त्यामुळे सुराला एक खरखरीत धार येते. एका पायावर उभं राहून वाजवणं ही तर त्याची ओळखच झाली. पुढे मुलगी शाळेत बासरी शिकू लागली, तेव्हा आपली बोटं चुकीची पडतात हे त्याला कळलं. इतकी वर्षं जगभर गाजलेल्या या कलावंताने मग बोटं नव्याने बसवली.

1971च्या ‘ॲक्वालंग’ला समीक्षकांनी एका सूत्रात ओवलेला अल्बम ठरवलं. अँडरसनला ते पटलं नाही. उत्तर म्हणून पुढच्याच वर्षी त्याने ‘थिक ॲज अ ब्रिक’ काढला. त्रेचाळीसहून अधिक मिनिटांचं एकच गाणं, तबकडीच्या दोन्ही बाजूंवर. शब्द आठ वर्षांच्या एका काल्पनिक मुलाच्या कवितेचे, आणि वेष्टन म्हणजे छापलेलं अख्खं वर्तमानपत्र. हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

एका सूत्रात ओवलेली गाणी म्हटल्यावर मराठी माणसाला ‘गीतरामायण’ आठवणारच. 1 एप्रिल 1955पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी 56 गीतं सादर झाली. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. तेच सुधीर फडके त्याच्या आदल्या वर्षी, 1954मध्ये, दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात उतरले होते. म्हणजे एखादी कथा गाण्यागाण्यांतून उलगडत नेण्याचा ध्यास घेतलेला आपला संगीतकार या मातीशीही जोडलेला आहे.

1977च्या ‘साँग्ज फ्रॉम द वुड’मध्ये टल इंग्लंडच्या रानात आणि लोकगीतांत शिरला. 1978चा ‘हेवी हॉर्सेस’ त्याच वाटेवरचा. त्याचं शीर्षकगीत ट्रॅक्टर आल्यावर बांधावरून नाहीशा होत गेलेल्या नांगराच्या घोड्यांसाठी आहे. ज्याच्या गोठ्यातली बैलजोडी गेली, त्याला या गाण्याचं दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

मुंबईशीही या बँडचं नातं आहे. 29 नोव्हेंबर 2008ला सतारवादक अनुष्का शंकरबरोबर त्यांचा कार्यक्रम ठरला होता. तीन दिवस आधी शहरावर दहशतवादी हल्ला झाला. कार्यक्रम पुढे ढकलला, पण सोडला नाही. 5 डिसेंबरला तो हल्ल्यातील पीडितांच्या मदतीसाठी झाला.

ज्यांनी टल कधीच ऐकला नाही त्यांनी 1969च्या ‘स्टँड अप’मधल्या ‘बुरे’पासून सुरुवात करावी. बाखची जुनी रचना, त्यावर अँडरसनची बासरी. मग ‘लिव्हिंग इन द पास्ट’, मग ‘हेवी हॉर्सेस’. आणि एखाद्या रात्री फोन बाजूला ठेवून ‘थिक ॲज अ ब्रिक’ला पाऊण तास द्यावा. दुधनीकडे जाणं झालं, तर पीक घरात आल्यानंतरच्या दिवसांत जावं. तारपा ऐकायलाही तेवढाच वेळ काढावा.