पायवाट बूनची, रस्ता विधिमंडळाचा

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या विस्ताराची गोष्ट सांगताना डॅनियल बून हे नाव पहिल्या पाचांत येतंच. कातड्याचा अंगरखा, खांद्यावर बंदूक, हातात कुऱ्हाड आणि समोर कम्बरलँड खिंड. व्हर्जिनिया, केंटकी आणि टेनेसी या राज्यांच्या सीमा जिथे एकत्र येतात, त्या डोंगरातली ही खिंड. तिच्यातून केंटकीच्या नव्या वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटेला ‘विल्डरनेस रोड’ म्हणतात. तिच्या कथेत बून नेहमी दिसतो, पण रस्त्याचे कायदे करणारी विधिमंडळं सहसा दिसत नाहीत. त्यामुळे काही समजुती पक्क्या होऊन बसल्या आहेत.

गैरसमज : विल्डरनेस रोड डॅनियल बूनने बांधला.

वस्तुस्थिती : बूनने वाट खुणावली. मार्च 1775 मध्ये सुमारे तीस कुऱ्हाडवाले घेऊन तो होल्स्टन नदीकाठच्या लाँग आयलंडहून निघाला. झाडांच्या सालीवर खुणा करायच्या, आडवी आलेली झुडपं आणि वेळू तोडायचे, एवढंच काम होतं. ते काम सरकारचंही नव्हतं. रिचर्ड हेंडरसनच्या ‘ट्रान्सिल्व्हेनिया कंपनी’ला केंटकीत जमिनी विकायच्या होत्या आणि गिऱ्हाइकांना तिथवर पोचायला वाट हवी होती. मागून आलेल्या हेंडरसनला स्वतःच्या गाड्या पॉवेलच्या खोऱ्यात सोडून ओझी घोड्यांवर चढवावी लागली. चाक पुढे जाऊच शकत नव्हतं.

वाटही कोरी नव्हती. खिंडीतून जाणारा ‘वॉरियर्स पाथ’ मूलनिवासी जमातींच्या कितीतरी पिढ्यांनी तुडवलेला होता आणि पुढे रानगव्यांच्या कळपांनी पाडलेल्या वाटा होत्या. बूनची हुशारी या वाटा एकमेकींना जोडण्यात होती.

गैरसमज : सीमेवर सरकार नव्हतंच, वसाहतवाल्यांनी सगळं आपल्या बळावर केलं.

वस्तुस्थिती : केंटकी तेव्हा व्हर्जिनिया राज्याचा एक परगणा होता. ऑक्टोबर 1779 च्या अधिवेशनात, इंग्लंडशी स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात असताना, व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कम्बरलँडचे डोंगर ओलांडून केंटकीत जाणारा रस्ता आखण्याचा आणि मोकळा करण्याचा कायदा केला. इव्हान शेल्बी आणि रिचर्ड कॅलवे यांची नेमणूक झाली. त्यांनी मार्ग पाहायचा, वाट मोकळी करायची आणि पुढे तिथून गाडीरस्ता काढता येईल का, खर्च किती येईल, याचा अहवाल द्यायचा. युद्धामुळे तिजोरीत खडखडाट होता, म्हणून मजुरीऐवजी जमीन घेण्याची मुभाही ठेवली होती.

कागदावर नीट दिसणारं हे काम जागेवर फार महागात पडलं. त्याच अधिवेशनात कॅलवेला बून्सबरो इथे केंटकी नदीवर तर चालवायचा परवानाही मिळाला होता. मार्च 1780 मध्ये तरीसाठी होडी बांधताना झालेल्या हल्ल्यात तो मारला गेला. रस्त्याचं काम जॉन किनकेडने पुरं केलं आणि 1781 मध्ये मोबदल्यासाठी त्याला विधिमंडळाकडे अर्ज करावा लागला. सरकार दूर होतं, हातही आखडता होता. पण हा रस्ता सार्वजनिक कामात मोडतो, हे त्याने तेव्हाच मान्य केलं होतं.

गैरसमज : तंबूसारखं कापड ताणलेल्या गाड्यांतून कुटुंबं या रस्त्याने केंटकीत आली.

वस्तुस्थिती : हे चित्र बऱ्याच पुढच्या काळातलं, मिसिसिपीपलीकडच्या माळरानांचं आहे. बूनच्या खुणांनंतर तब्बल वीस वर्षं ही खिंड पायी किंवा घोड्यावरूनच पार करावी लागे. भांडी, बियाणं, लोखंडी अवजारं सगळं ओझ्याच्या घोड्यांवर लादलेलं असे. 1790 च्या जनगणनेत केंटकीची लोकसंख्या 73,677 भरली. त्यांतले अनेक जण ओहायो नदीतून होड्यांनी आले होते. पण जे खिंडीतून आले, त्यांतल्या कुणाचीही गाडी इथून आलेली नव्हती.

बदल झाला तो कायद्याने. 1 जून 1792 रोजी केंटकी स्वतंत्र राज्य झालं. आयझॅक शेल्बी पहिला गव्हर्नर असतानाच 1795 मध्ये विधिमंडळाने खिंडीपर्यंत गाडीरस्ता करण्याचा कायदा केला आणि 2,000 पौंड मंजूर केले. काम जोसेफ क्रॉकेट आणि जेम्स नॉक्स यांच्याकडे गेलं. ऑक्टोबर 1796 मध्ये ‘केंटकी गॅझेट’मध्ये जाहिरात झळकली : रस्ता पुरा झाला आहे, एक टन मालाची गाडी चार चांगल्या घोड्यांनिशी सहज जाऊ शकते. किती वजन, किती घोडे, हे या जाहिरातीने उघड सांगितलं. रस्ता खरा की खोटा, हे आता कुणालाही ताडून पाहता येणार होतं.

या कामाचा ठेका मिळावा म्हणून म्हाताऱ्या बूनने फेब्रुवारी 1796 मध्ये गव्हर्नर शेल्बीला पत्र लिहिलं होतं. हा मार्ग पहिल्यांदा मी खुणावला आणि त्या श्रमांचं मला काहीच मिळालं नाही, असं त्याचं म्हणणं. काम त्याला मिळालं नाही. ज्याच्या नावाशी आज हा रस्ता जोडला जातो, त्याचा हात गाडीरस्त्याला लागलेलाच नाही.

गैरसमज : एकदा पैसे मंजूर झाले, रस्ता झाला, की विषय संपला.

वस्तुस्थिती : डोंगरातला मातीचा रस्ता दोन पावसाळ्यांत पुन्हा ओढा होतो. झाडं आडवी पडतात, चाकोऱ्या खोल जातात, उतारावरची कड ढासळते. केंटकीच्या विधिमंडळाला हे वर्ष सरायच्या आत कळून चुकलं. 1797 मध्ये दुरुस्तीसाठी आणखी 500 पौंड देण्यात आले आणि रस्त्यावर टोलनाका बसवण्यात आला. टोलचा पैसा रस्त्यालाच लागावा, हा हेतू होता.

त्या दरपत्रकात त्या काळचा समाज स्पष्ट दिसतो. माणशी नऊ पेन्स, घोड्याला किंवा खेचराला नऊ पेन्स, दोन चाकी गाडीला तीन शिलिंग, चार चाकीला सहा शिलिंग. केंटकीच्या तेव्हाच्या हिशेबाने सहा शिलिंग म्हणजे एक डॉलर. पूर्वेकडे विकायला जाणाऱ्या गुरांना दर डोकी तीन पेन्स. टपालवाले, तातडीचे निरोपे, बायका आणि दहा वर्षांखालची मुलं यांना मात्र टोल माफ. टपाल अडू नये, कुटुंबं यावीत, आणि जी चाकं रस्ता जास्त झिजवतात त्यांनी जास्त द्यावं, असं धोरण या यादीतून उघड होतं. गुरांवरचा कर आणखी एक गोष्ट सांगतो : रस्ता आता फक्त आत येणाऱ्यांचा राहिला नव्हता. केंटकीचा माल बाहेरच्या बाजारांकडे निघाला होता.

गैरसमज : रस्ता ओसाड, मालक नसलेल्या मुलखातून गेला.

वस्तुस्थिती : ही समजूत सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत घातक. शॉनी आणि चेरोकी या मूलनिवासी जमातींची ही शिकारीची भूमी होती. मार्च 1775 मध्ये हेंडरसनने सिकॅमोर शोल्स इथे चेरोकी पुढाऱ्यांशी जमिनीचा सौदा केला, तेव्हा ड्रॅगिंग कनू या चेरोकी नेत्याने उघड विरोध केला होता. पुढे व्हर्जिनियाने कंपनीचा सौदा रद्द ठरवला खरा, पण जमीन मूळ लोकांना परत दिली नाही. ती राज्याने स्वतःकडे घेतली. रस्त्यावरचे हल्ले ‘रानटीपणा’ म्हणून सांगितले जातात. मुलूख हातातून चालल्याचं ज्यांना दिसत होतं, त्यांचा तो प्रतिकार होता.

या वाटेने आलेले सगळे स्वखुशीनेही आले नव्हते. 25 मार्च 1775 च्या पहाटे बूनच्या तुकडीवर हल्ला झाला. त्यात विल्यम ट्विटीबरोबर त्याचा गुलाम सॅमही मारला गेला. 1790 मध्ये केंटकीत 12,430 गुलाम होते. 1800 मध्ये 40,343. मोकळ्या भूमीकडे जाणारा रस्ता म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यावरून या माणसांना मालकाच्या मर्जीने चालावं लागलं.

गैरसमज : आज खिंडीत दिसते ती बूनचीच वाट.

वस्तुस्थिती : विसाव्या शतकात खिंडीतून डांबरी महामार्ग गेला होता. 1996 मध्ये डोंगरातला बोगदा खुला झाल्यावर वाहनं तिकडे वळली आणि राष्ट्रीय उद्यानाने डांबर काढून तिथे जुन्या काळासारखी वाट पुन्हा घडवली. ही वाटही सरकारी निर्णयातून, सार्वजनिक पैशाने झाली आहे.

बूनचं धाडस यामुळे कमी होत नाही. पण त्याच्या नुसत्या खुणांवर केंटकी उभं राहिलं नसतं. आखणी कोण करणार, मजुरी कोण देणार, दुरुस्तीचा पैसा कुठून येणार, कुणाला टोल आणि कुणाला माफी, ही उत्तरं 1779, 1795 आणि 1797 च्या कायद्यांनी दिली, तेव्हा त्या वाटेचा सार्वजनिक रस्ता झाला. आणि जमीन कुणाची, हा प्रश्न त्याच कायद्यांनी विचारला नाही, म्हणून तो रस्ता काहींसाठी हकालपट्टीचा ठरला. कायद्याने काय दिलं आणि काय डावललं, दोन्ही सांगितल्याशिवाय या रस्त्याचा इतिहास पुरा होत नाही.