फळांची निवड, पिकवण व साठवण

उज्जैन येथे क्षिप्रेच्या रामघाटावर महाराष्ट्रातील असंख्य भाविक स्नानासाठी जातात. २०१६ चा सिंहस्थ ऐन चैत्र-वैशाखात भरला होता. अशा वेळी उपवासाचा भर केळी व आंबे यांवर असतो. मागणी वाढली की फळे कार्बाइडने झटपट पिकविण्याचा मोह काहींना होतो. ओलाव्याशी संयोग होताच कार्बाइडमधून ॲसिटिलीन वायू निघतो. त्याने साल पिवळी होते, गर मात्र कच्चाच राहू शकतो. शिवाय त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. म्हणून २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार अशा फळांच्या विक्रीस मनाई आहे.

यास्तव केवळ रंगावर न भुलता देठाजवळचा सुवास पाहावा. त्याहून उत्तम म्हणजे, देठालगत खांदे भरलेले कच्चे आंबे घेऊन घरीच पेंढ्याच्या अढीत घालावेत व पिकतील तसे काढावेत. सोबत पिकलेले केळे ठेवल्यास त्याच्या इथिलीन वायूने पिकण्यास गती मिळते. कच्चा आंबा शीतकपाटात ठेवू नये. केळी तर सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली काळवंडतात. फळे स्वच्छ पाण्याने धुऊनच खावीत. चार दिवसांचा धीर धरल्यास फळाची गोडी व कुटुंबाचे आरोग्य, दोन्ही राखले जाईल.