पाचट कुजताना जमिनीत काय घडते?

सुरत जिल्ह्यातील कामरेज तालुका हा तापीकाठच्या काळ्या, कसदार जमिनीचा आणि उसाचा प्रदेश. ऊस तुटून कारखान्याला गेला, की त्यामागे वाळलेल्या पानांचे पाचट राहते. त्याचे प्रमाण हेक्टरी साधारण ८ ते १० टन भरते. दक्षिण गुजरातेत तोडणीपूर्वीच उभ्या उसाला आग लावून पाला जाळण्याची पद्धत बरीच रूढ आहे, तर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तोडणीनंतर पाचट पेटविले जाते. पाचट शेतातच कुजू दिले तर खोडवा पिवळा पडतो, अशी तक्रार असते. ती खोटी नाही. मात्र पिवळेपणाचे कारण समजले, तर पाचट पेटविण्याची गरज उरत नाही.

कुजणे ही एकाच जीवाची करामत नव्हे. गांडुळे, वाळवी, वाणी आणि डोळ्यांना न दिसणारे कोळीवर्गीय जीव आधी पानांचे तुकडे करतात. पानांतील साखर, पिष्ट आणि प्रथिने जिवाणू काही दिवसांतच फस्त करतात. त्यानंतर सेल्युलोजची पाळी येते. पानांना ताठपणा देणारे लिग्निन सर्वांत चिवट. ते फोडण्याचे काम मुख्यतः बुरशी करते आणि त्याला कित्येक महिने लागतात. या प्रवासात पाचटातील बहुतांश कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. मातीच्या कणांना चिकटून जो थोडा भाग मागे राहतो, तोच ह्यूमस. जमिनीचा भुसभुशीतपणा आणि ओल धरण्याची शक्ती त्याच्यावर अवलंबून असते.

पिवळेपणाचे मूळ नत्राच्या हिशेबात आहे. पाचटात सुमारे ४० टक्के कर्ब असतो, नत्र मात्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे नत्राच्या एका भागामागे कर्बाचे ८० किंवा त्याहून अधिक भाग. जिवाणूंना आपली वाढ साधण्यासाठी हे प्रमाण २५ भागांच्या आसपास लागते. कमी पडणारे नत्र ते मातीतून उचलतात आणि तेवढ्यापुरते पीक उपाशी राहते. जिवाणू मरतात, तेव्हा हेच नत्र जमिनीला परत मिळते. पीक पिवळे पडते, ते या उसनवारीच्या काळात.

उसनवारीची सोय आधीच करता येते. महाराष्ट्रात कृषितज्ज्ञ पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजविणारे जिवाणूसंवर्धक टाकण्याची शिफारस करतात. युरियातून सुमारे ३७ किलो नत्र मिळते आणि जिवाणूंची भूक पिकाच्या वाट्यावर येत नाही. आग लावल्यास पालाश राखेत उरते. पण कर्ब आणि १० टन पाचटातील सुमारे ५० किलो नत्र जवळजवळ सगळेच धुरावाटे निघून जाते.

कामरेजसारख्या कालव्याखालच्या भारी जमिनीत पाण्याचाही विचार करावा लागतो. काळी माती पाणी धरून ठेवते. ती सतत तुंबलेली राहिली, तर हवेअभावी कुजणे मंदावते आणि मिथेनसारखे वायू निर्माण होतात. ओल हवी, पण निचराही हवा.

आग लावण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते माणसांचे आहे. या पट्ट्यात तोडणीला येणाऱ्या मजुरांत धुळे, नंदुरबार आणि डांगकडील कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. त्यांना मजुरी टनावर मिळते. जळालेला ऊस झपाट्याने तुटतो. हिरव्या उसाची करवती पाने हात कापतात आणि पाला सोलण्यात वेळ जातो. त्यामुळे पाचट राखायचे असेल, तर या जादा श्रमांचा मोबदला तोडणीच्या दरात धरावाच लागेल. जमिनीचा कस मजुराच्या खिशातून वाढविणे न्याय्य ठरणार नाही.

गोव्यातील जांभ्या जमिनीलाही हाच नियम लागू पडतो. येथे वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उष्णता आणि ओल यांमुळे पालापाचोळा लवकर कुजतो, पण उघड्या उतारावरून तो तितक्याच लवकर वाहूनही जातो. काजूच्या बागायतीत झाडून पेटविलेला पाला म्हणजे त्याच झाडाचे पुढील वर्षाचे खत. तो बुंध्याभोवती आळ्यात पसरून वर थोडे शेण किंवा हिरवा पाला टाकला, तर नत्राची उणीव भरून निघते आणि कुजण्याचे उरलेले काम माती स्वतःच पार पाडते.