पटावरचे दाणे आणि सात मूळ संख्या (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण ९९९९ चे अवयव भागाकार न करता पाडले. ती संख्या म्हणजे १०० चा वर्ग वजा १, म्हणून ९९ गुणिले १०१. वर्गातून वर्ग वजा केला की बेरीज आणि वजाबाकी असे दोन अवयव पडतात, हे शाळेतले सूत्र. आज तेच एका अवाढव्य संख्येवर लावू.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरायची. एकूण दाणे होतात २ चा ६४ वा घात वजा १, म्हणजेच १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. ‘लीलावती’त स्थानांची नावे परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत जातात. हे दाणे तसे १८४ परार्धांहून अधिक भरतात.

या वीस अंकांना घाबरायचे कारण नाही. २ चा ६४ वा घात हा ३२ व्या घाताचा वर्ग आहे. म्हणून आपली संख्या दोन तुकड्यांत फुटते : ३२ वा घात अधिक १ आणि ३२ वा घात वजा १. ‘वजा’चा तुकडा पुन्हा तसाच फुटतो. असे सहा वेळा केले की उरतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७.

पहिल्या पाच संख्या मूळ आहेत. या मालिकेतली प्रत्येक संख्या मूळच असणार, असे फ्रेंच गणिती फर्मा याला १६४० च्या सुमारास वाटत होते. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले की सहावी संख्या मूळ नाही : ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, हेही त्याने पुढे सिद्ध केले. हा नियम हाती असेल तर तपासायच्या मूळ संख्या उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्याच प्रयत्नात भाग जातो!

भागाकार न करताही हे पटवून घेता येते. ६४० म्हणजे ५ × १२८, आणि ६४१ ने भागताना ६४० ची बाकी –१ धरता येते. चौथा घात घेतला की बाकी १. म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. पण ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी, म्हणून त्याच्या जागी –१६ घ्या. १६ हा २ चा चौथा घात. तेव्हा उणे २ चा ३२ वा घात, याची बाकी १ आली. अर्थात ३२ व्या घातात १ मिळवला की बाकी शून्य.

६७००४१७ ही संख्या मूळ आहे. म्हणून पटावरचे दाणे = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात मूळ अवयव, आणि प्रत्येक एकदाच.

आता या संख्येत फक्त २ मिळवा. ‘वजा १’चे ‘अधिक १’ झाले आणि आपले सूत्र निरुपयोगी ठरले. तिचे अवयव २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ आहेत, आणि ते १८८० साली लँड्री याने शोधले, ऑयलरनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. दोन्ही संख्या वीस अंकी, अगदी शेजारच्या. पण एक सूत्राने सहा पायऱ्यांत सुटते, दुसरीला ते सूत्र लागूच होत नाही. संख्येचे अवयव पाडणे किती कठीण, हे तिच्या आकारापेक्षा तिच्या घडणीवर अधिक अवलंबून असते.

गृहपाठ : पटाच्या पहिल्या ३२ घरांतल्या दाण्यांचे मूळ अवयव काढा. पाचच मिळतील.

पुढच्या आठवड्यात : ३, ५, १७, २५७... या मालिकेतल्या कोणत्याही दोन संख्यांना १ खेरीज सामाईक अवयव का नसतो, आणि त्यावरून मूळ संख्या अनंत आहेत हे कसे कळते.