क्रॅब अभ्रिका : स्पंदकाच्या ऊर्जेचा क्ष-किरणांतून वेध

प्रस्तावना :
इ.स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत एका 'पाहुण्या ताऱ्या'ची नोंद केली. तो २३ दिवस भर दिवसाही दिसत होता. त्या अतिदीप्त नवताऱ्याचे अवशेष म्हणजे सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे अंतरावरील क्रॅब अभ्रिका होय. सुमारे हजार वर्षांनंतरही ती क्ष-किरणांत इतकी तेजस्वी का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऊर्जेचा उगम :
७ जुलै १९६४ रोजी चंद्रबिंबाने ही अभ्रिका झाकली, तेव्हा अग्निबाणातील उपकरणांनी तिचे निरीक्षण केले. क्ष-किरण एकाएकी नाहीसे न होता क्रमाक्रमाने मंदावले. यावरून उगम बिंदुरूप नसून विस्तृत असल्याचे सिद्ध झाले. चुंबकीय क्षेत्रात सर्पिल मार्गाने फिरणारे अतिवेगवान इलेक्ट्रॉन हे किरण उत्सर्जित करतात. यालाच सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. परंतु असे इलेक्ट्रॉन काही वर्षांतच आपली ऊर्जा गमावतात. अर्थात, मूळ स्फोटातील इलेक्ट्रॉन आज शिल्लक राहणे शक्य नाही. त्यांचा पुरवठा अखंड चालू असला पाहिजे.

हा पुरवठा फिरणारा न्यूट्रॉन तारा करीत असावा, असे पाचिनी यांनी १९६७ मध्ये सुचविले. १९६८ मध्ये अभ्रिकेत सेकंदास सुमारे ३० वेळा फिरणारा स्पंदक सापडला. त्याचा आवर्तनकाल दररोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. वरकरणी ही वाढ नगण्य वाटते. तथापि तीतून मुक्त होणारी शक्ती एक लाखाहून अधिक सूर्यांच्या तेजाइतकी भरते. अभ्रिकेच्या प्रारणास ती पुरेशी आहे.

'चंद्रा'ची निरीक्षणे :
सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाच्या 'चंद्रा' वेधशाळेने १९९९ मध्ये स्पंदकाभोवतीचे तेजस्वी आतील कडे प्रथमच दाखविले. स्पंदकाकडून येणारा कणांचा वारा येथे अडून तापतो, असे मानले जाते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिमामालिकेत प्रकाशाच्या सुमारे निम्म्या वेगाने बाहेर सरकणाऱ्या तेजोरेषा दिसल्या.

मोजपट्टीचा प्रश्न :
क्ष-किरण उपकरणांचे अंशन करण्यासाठी क्रॅबचे तेज दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. इतके की 'क्रॅब' हे एककच रूढ झाले. मात्र २००८ पासून सुमारे दोन वर्षांत १५ ते ५० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट पट्ट्यातील तेज जवळजवळ ७ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये अनेक उपग्रहांच्या नोंदींवरून स्पष्ट झाले. स्पंदनांच्या तेजात तेवढी घट नव्हती. म्हणजे बदल अभ्रिकेतच झाला होता.

२०१५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'अॅस्ट्रोसॅट'वरील उपकरणाने क्रॅबच्या क्ष-किरणांचे ध्रुवण मोजले. या उपकरणाच्या उभारणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याचे 'आयुका' यांचा सहभाग होता. दोन स्पंदनांमधील काळातही ध्रुवण बदलते, हा त्याचा २०१७ मधील निष्कर्ष प्रचलित प्रतिकृतींना आव्हान देणारा ठरला.

समारोप :
ऊर्जा स्पंदकाच्या परिभ्रमणातून येते, हे आता निःसंशय आहे. ती कणांपर्यंत नेमकी कशी पोहोचते, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. ज्या ज्योतीस स्थिर समजून इतर ज्योती मोजल्या, ती स्वतःच चंचल निघाली. म्हणूनच, प्रमाण मानलेल्या गोष्टीचीही वेळोवेळी तपासणी करणे, हा या संशोधनाचा सर्वच विद्याशाखांना लागू पडणारा धडा होय.