नामचेत थांबा, तेंगबोचेला बसा
एव्हरेस्ट बेस कॅम्पला ग्रुपने जाणार असाल, तर नामचे बाजारला दोन रात्री मुक्काम हवाच. गाव ३,४४० मीटरवर. विरळ हवेची सवय इथेच लागते. गाइड 'विश्रांतीच्या' दिवशीही वर चढवून झोपायला खाली आणतो, ते याचसाठी. कुरकुरू नका! शनिवार साधला तर आठवडी बाजार बघा.

वाटेत मंत्र कोरलेल्या मणी-भिंती लागतात. त्या कायम उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं.

आणि तेंगबोचे! १९३४च्या भूकंपात पडलेला, १९८९मध्ये आगीत जळालेला हा मठ दोन्ही वेळा पुन्हा उभा राहिला. प्रार्थनेच्या वेळी बूट बाहेर काढून आत शांत बसा. मला तर हाच या ट्रेकचा गाभा वाटतो. बाहेर आलात की समोर आमा दब्लम शिखर.